धर्माने माणसाचे भले केले की वाटोळे?



नव्याने दीक्षा घेतलेल्या घरात वर्ष-सहा महिन्यांच्या आत एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो दोन तोंडांनी निघतो. कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, "धर्मापायीच आपण पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिलो. धर्मापायीच जगात लढाया झाल्या, दंगली झाल्या. मग एका धर्मातून सुटलो ते दुसऱ्यात कशाला शिरलो? नुसते माणूस म्हणून राहिलो असतो तर काय बिघडले असते?" त्याच घरातली आजी वंदनेला सगळ्यांबरोबर हात जोडते, पण तिची नजर फळीवरच्या जुन्या देवांकडे हळूच वळते. ती म्हणते, "बाबा रे, धर्मावाचून माणूस म्हणजे धन्यावाचून ढोर. उद्या लेकराला ताप आला तर कुणाच्या पाया पडू?"

घरातला कर्ता माणूस मुलाला म्हणतो, "गप्प बस," आणि आईला म्हणतो, "आता ते जुने सोडा." हे उत्तर नव्हे. हे दोन तोंडे बंद करणे झाले. तोंडे बंद करण्याचे काम जुना धर्म फार चांगले करीत होता. त्यासाठी दीक्षा घ्यायची गरज नव्हती.

मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हे आधी ध्यानात घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला परमपूज्य बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे त्यांनी हाच प्रश्न सर्व बाजूंनी तपासला. ज्याच्या उद्धारकर्त्याने २१ वर्षे विचार केला, त्याने आपल्या मुलाचे २१ मिनिटे तरी ऐकून घ्यावे.

म्हणून आज आपण मुलाची बाजू आधी मांडू, आणि ती अर्धवट मांडणार नाही.

महाडची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली रावबहादूर बोले यांनी मंजूर करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. कागदावर पाणी आपले झाले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्याच दिवशी परिषदेला आलेल्या लोकांवर लाठ्या-काठ्यांनी हल्ले झाले. पुढे काही दिवसांनी तळ्याची शुद्धी करण्यात आली. गायीचे शेण, गोमूत्र, दूध, दही पाण्यात मिसळले, मंत्र म्हटले, आणि पाणी पुन्हा पिण्याजोगे झाले असे ठरविले. ज्या तळ्यावर गुरेढोरे तोंड लावीत होती, ते माणसाच्या ओंजळीने विटाळले आणि शेणाने शुद्ध झाले! आपला हक्क मुंबई हायकोर्टाने मान्य करायला १९३७ साल उजाडावे लागले.

आता यातली खरी गोष्ट पाहा. ज्यांनी ते शेण कालवले ती माणसे काही दरोडेखोर नव्हती. ती घरी आपल्या लेकरांना मांडीवर घेत असतील, भिकाऱ्याला पसाभर धान्य घालीत असतील, मुंग्यांना साखर टाकीत असतील. मग त्यांना आपल्यासारख्याच माणसाला पाण्यावरून हाकलताना लाज का वाटली नाही? दरोडेखोराला आपण दरोडा घालतो हे कळत असते. तो तोंडाला फडके बांधतो, रात्री येतो, पोलिसाला भितो. याचा अर्थ त्याची लाज शाबूत असते, आणि लाज शाबूत असलेला माणूस एखाद्या दिवशी सुधारू शकतो. अंगुलिमाल सुधारला तो असाच. पण ज्याला अन्याय करताना आपण पुण्य करतो आहोत असे वाटते, तो दिवसाढवळ्या, आंघोळ करून, सोवळे नेसून अन्याय करतो. त्याला कोण सुधारणार? धर्माने माणसाचे जे सर्वांत मोठे वाटोळे केले ते हे. क्रूरपणा धर्माने जन्माला घातला नाही, तो माणसात आधीपासून होताच. धर्माने त्याची लाज काढून घेतली.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. १०९९ साली युरोपातल्या ख्रिस्ती सैन्याने जेरुसलेम घेतले तेव्हा तिथल्या मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल केली, आणि मग देवळात जाऊन देवाचे आभार मानले. १६०० साली रोममध्ये जिओर्दानो ब्रूनो नावाच्या विचारवंताला त्याच्या मतांसाठी जिवंत जाळले. आफ्रिकेतल्या माणसांना साखळ्या घालून अमेरिकेत विकणारे बायबलातली वचने दाखवीत. त्याच बायबलातून गुलामगिरीविरुद्ध वचने काढणारेही पुढे निघाले, ही गोष्टही विसरू नये. आपल्या देशात विधवेला नवऱ्याच्या चितेवर चढविणे हे पुण्य होते. त्याला १८२९ साली कायद्याने बंदी घालावी लागली. घरच्या लेकी-सुनेला जिवंत जाळताना ढोल वाजविता येतात, ते धर्माशिवाय शक्य नाही.

आणि आपल्या वस्त्यांतले काय? डोक्यात जट आली म्हणून पोरीला यल्लम्माला सोडली. नवस बोलला म्हणून मुरळी केली, आणि मुलगा झाला तर वाघ्या केला. त्या आईबापांचे पोरीवर प्रेम नव्हते का? होते. म्हणूनच तर ती रडत रडत सोडली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, आणि महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा कायदा करावा लागला. जट ही केस न विंचरल्याने, न धुतल्याने होते, हे सांगायला वैद्य लागत नाही. साधी फणी पुरते. पण फणीपेक्षा भीती मोठी होती.

याहूनही खोल जखम एक आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. ज्याला मारले त्यालाच मार पटला. मागल्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी हा जन्म आला, हे आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून एकमेकींना सांगितले. गुलामाच्या पायात बेडी असली तर ती तुटते. गुलामाने स्वतःच बेडी म्हणजे दागिना मानला तर ती कोण तोडणार?

कुणी म्हणेल, तुम्ही फक्त वाईटच सांगता. संतांनी काही केले नाही काय? केले. संत चोखामेळ्यांची गोष्ट मी नेहमी सांगतो, कारण तिच्यात धर्माची दोन्ही रूपे एकाच पायरीपाशी उभी आहेत. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. पंढरपूरला महाद्वाराशी त्यांची समाधी आहे. त्या भक्तीने एका महाराला कवी केले, त्याचे शब्द गावोगावच्या दिंड्यांत गेले, हे भलेच झाले. त्या काळी दुसऱ्या कोणत्या वाटेने महाराचा शब्द ब्राह्मणाच्या तोंडी गेला असता? पण शब्द आत गेला आणि माणूस बाहेर राहिला. त्यानंतर कित्येक शतके आपले लोक पायी वारी करीत पंढरीला जात, चोखोबाच्या समाधीला डोके टेकवीत आणि तिथूनच परतत. विठ्ठलाचे देऊळ आपल्याला उघडावे म्हणून १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आपल्याला देऊळ नको आहे, ही गोष्ट वेगळी. पण सहाशे वर्षे अभंग गाऊनही दाराची कडी निघत नाही, तेव्हा त्या प्रेमात काहीतरी उणे होते असे म्हणायला नको काय? ते प्रेम देवापाशी सुरू होई आणि देवापाशीच संपे. शेजारी उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोचत नव्हते.

इथपर्यंत मुलाचे म्हणणे शंभर टक्के खरे. आता त्याला मी एकच उलट प्रश्न विचारतो. धर्म काढून टाकला की ही सगळी क्रूरता जाते काय?

१९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात असे राज्य होते की ज्याने सर्व धर्म मोडीत काढले. विहार बंद केले, भिक्खूंची चीवरे उतरवली, त्यांना शेतावर जुंपले, कित्येकांना ठार केले. माणसाला सुखी करायचे, गरीब-श्रीमंत भेद मिटवायचे, हेच त्या राज्याचे बोलणे होते. चार वर्षांत उपासमारीने, रोगाने आणि हत्यांनी सुमारे पंधरा ते वीस लाख माणसे मेली. तिथे देव नव्हता, पोथी नव्हती, भट नव्हता. पण "आपण करतो ते पुण्यच" अशी खात्री मात्र तिथेही होती. म्हणजे जो रोग धर्मात शिरला होता तो धर्माबाहेरही राहू शकतो. धर्म नको म्हटल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही. तो फक्त दुसरी पोथी शोधतो.

२० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या अवघ्या सोळा दिवस आधी, बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. गरिबी आणि पिळवणूक संपली पाहिजे याविषयी त्यांचे मार्क्सशी भांडण नव्हते. भांडण मार्गाशी होते. दंडुक्याने आणलेली समता दंडुका आहे तोवर टिकेल. दंडुका खाली ठेवला की काय? माणसाचे मनच बदलले नसेल तर तो पहिल्या संधीला पुन्हा भावाच्या मानेवर बसेल. मन बदलण्याचे काम कायदा करू शकत नाही. कायदा लिहिणारा हा माणूस, भारताच्या घटनेचा शिल्पकार, हे सांगतो आहे; म्हणून त्याला वजन आहे. अस्पृश्यता नष्ट झाल्याचे कलम १७ घटनेत आहे. ते कलम असताना २०१६ साली गुजरातेत उना इथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले. त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कलम त्यांच्या बाजूला होते. तरी त्यांना धम्म का लागला?

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की धर्माची गरज गरिबाला आहे, कारण माणूस आशेवर जगतो. श्रीमंताला बंगला आहे, मोटार आहे, त्याचे मन त्यात रमते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे आशा पाहिजे, नाहीतर तो मोडून पडतो. आजीचे म्हणणे इथे खरे ठरते. तिने उभ्या आयुष्यात दुष्काळ, सावकार, पाटलाचा कोरडा आणि पाच लेकरांपैकी तीन लेकरांची मयत पाहिली, आणि तरी ती उभी राहिली. ती कशाच्या बळावर उभी राहिली ते हसण्यावारी नेऊ नका.

तेव्हा धर्म पाहिजे की नको हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. पाणी पाहिजे की नको असे कुणी विचारीत नाही. पाणी कुठले, ते विचारतात. गटाराचे पाणी प्याल तर मराल, आणि पाणीच सोडाल तरी मराल.

बाबासाहेबांनी "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात धर्म आणि धम्म हे दोन निराळे केले. ज्याला जग सामान्यतः धर्म म्हणते त्याचा सारा व्यवहार माणूस आणि देव यांच्यातला. पूजा, प्रार्थना, यज्ञ, नवस, प्रायश्चित्त. शेजाऱ्याशी कसे वागावे ही गोष्ट त्यात आली तर आली, शेपटासारखी. धम्माचा व्यवहार माणूस आणि माणूस यांच्यातला. एकटा माणूस अरण्यात राहात असेल तर त्याला धम्माची गरज नाही; दोन माणसे एकत्र आली की धम्म लागलाच. नीती हे धम्माचे शेपूट नव्हे, नीती हाच धम्म.

हे नुसते शब्द वाटू नयेत म्हणून दीघनिकायातली कूटदंत ब्राह्मणाची कथा ऐका. कूटदंताला मोठा यज्ञ करायचा होता. शेकडो बैल, कालवडी, बोकड, मेंढे खुंटाला बांधले होते. यज्ञ यथासांग कसा करावा हे विचारायला तो भगवान बुद्धांकडे गेला. पाहा, विचारायला कुणाकडे गेला! बुद्धांनी त्याला एका जुन्या राजाची गोष्ट सांगितली. राजाला महायज्ञ करायचा होता, पण राज्यात चोऱ्या, लूटमार माजली होती. पुरोहित शहाणा होता. तो म्हणाला, महाराज, असल्या वेळी नवा कर बसवाल तर तो अन्याय होईल. चोरांना धरून मारावे, कैदेत टाकावे म्हणाल, तर उरलेले चोर पुन्हा त्रास देतील. त्यापेक्षा जे शेती करतात त्यांना बी-बियाणे आणि गुरांना चारा द्या. जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या. जे चाकरी करतात त्यांना पोटभर वेतन द्या. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, चोऱ्या थांबल्या, आणि माणसे दारे उघडी ठेवून, लेकरांना अंगाखांद्यावर नाचवीत राहू लागली. मग यज्ञ झाला तो तूप-लोणी-मधाचा. एकही पशू मारला नाही, एकही झाड तोडले नाही, एकाही नोकराला दंडुका दाखवून राबवले नाही. कथा ऐकून कूटदंताने आपले सगळे बैल-बोकड सोडून दिले, की त्यांनी हिरवा चारा खावा, थंड पाणी प्यावे.

बी-बियाणे, चारा, भांडवल, वेतन! कर्जापायी शेतकऱ्याने फास घेतल्याच्या बातम्या ज्या मुलुखात आपण वाचतो, त्या मुलुखात ही कथा दर महिन्याला विहारात वाचावी अशी आहे. धर्म माणसाचे भले करतो तेव्हा तो असा बोलतो. तो बोकड मागत नाही, बी देतो.

सम्राट अशोकाने हे राज्यभर करून पाहिले. कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसे धरून नेली, हे आपल्याला कुणी शत्रूने सांगितलेले नाही. स्वतः अशोकाने ते दगडावर कोरले आणि आपल्याला पश्चात्ताप झाल्याचे लिहिले. आपला जय सगळेच राजे कोरतात. आपली लाज कोरणारा राजा मी दुसरा ऐकलेला नाही. जुन्या धर्माने लाज काढून घेतली होती ती धम्माने परत दिली, ती अशी. त्याच अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला सापडले. पहिला, आठव्या लेखाचा, १८८२ साली सापडला. दुसरा, नवव्या लेखाचा, जवळच्या भुईगावात १९५६ साली सापडला, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी. या योगायोगाला चमत्कार म्हणू नका, पण तो लेख काय सांगतो ते मात्र वाचा. अशोक म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल होताना, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यातले पुष्कळसे क्षुल्लक आणि निरर्थक असतात. खरा मंगल विधी एकच. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान ठेवणे, प्राणिमात्रांबद्दल संयम ठेवणे, दान करणे. तुमच्या घरात धुणी-भांडी करायला बाई येत असेल तर तिला तुम्ही चहा कोणत्या कपात देता, हा अशोकाच्या मते धर्मविधी आहे.

आता कडू भाग. मला ठाऊक आहे की तो छापलेला काही वाचकांना आवडणार नाही.

बौद्ध म्हणवून घेतल्याने हा रोग होत नाही असे नाही. श्रीलंकेत १७५३ साली सियामहून आलेल्या भिक्खूंनी खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू केली, आणि थोड्याच वर्षांत ती उच्च मानलेल्या गोविगम जातीपुरती राखून ठेवण्यात आली. बाकी जातींच्या माणसांना उपसंपदेसाठी समुद्र ओलांडून बर्मात जावे लागले. बुद्धाच्या संघात जात! १९५९ साली त्याच देशाच्या पंतप्रधानांवर, बंडारनायकांवर, गोळ्या झाडल्या त्या चीवरधाऱ्याने. म्यानमारमध्ये २०१७ साली लाखो रोहिंग्या मुसलमानांना जाळपोळीत घरदार सोडून पळावे लागले, आणि त्याआधी कित्येक वर्षे तिथले काही भिक्खू द्वेषाची प्रवचने देत होते. मैत्री आणि करुणा यांची वचने त्यांनाही पाठ होती. बाबासाहेबांना हा धोका दिसला होता. ते १९५० साली श्रीलंकेला आणि १९५४ साली बर्माला जाऊन आले होते. भिक्खू हा स्वतःपुरता पूर्ण पुरुष व्हावा की समाजसेवक, असा रोकडा प्रश्न त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच घातला आहे.

परदेश राहू द्या. आपल्या विहारात काय चालते? १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ साली झाले सुमारे २८ लाख. त्यातले बहुतेक सगळे एकाच जातीतून आले होते. पुढे इतर जातींतली, भटक्या-विमुक्तांतली कुटुंबेही धम्मात येत गेली. तुमच्यापैकी पुष्कळ जण असेच असतील. तुम्ही पहिल्यांदा विहारात गेलात, त्रिसरण-पंचशील घेतले, सतरंजीवर बसलात, आणि शेजारच्या गृहस्थाने हळूच विचारले असेल, "मूळचे कोण?"

या दोन शब्दांत सारा जुना धर्म दडून बसला आहे. विचारणारा वाईट नसतो. त्याच्या गळ्यात निळा रुमाल असतो, घरात बाबासाहेबांचा फोटो असतो. १४ एप्रिलला तो वर्गणी भरभरून देतो. पण मुलीच्या लग्नाची वेळ आली की तो पोटजात बघतो, सोयरिकीला "आपल्यातलाच" शोधतो, हुंडाही घेतो, आणि लग्न मात्र बौद्ध पद्धतीने लावतो. शुभ्र वस्त्रे, मेणबत्त्या, वंदना, सगळे रीतसर. त्याला लाज का वाटत नाही? चवदार तळ्यात शेण कालवणाऱ्याला वाटत नव्हती त्याच कारणाने. आपण धर्मकृत्य करतो आहोत अशी त्याची खात्री असते.

विनयपिटकात शाक्यकुमारांची गोष्ट आहे. अनुरुद्ध, आनंद आणि इतर राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता, त्यांचा नोकर. राजपुत्रांनी स्वतः बुद्धांना विनंती केली की आधी उपालीला प्रव्रज्या द्या, म्हणजे तो आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्हांला त्याला वंदन करावे लागेल, आणि आमचा शाक्य असल्याचा ताठा उतरेल. बुद्धांनी तसेच केले. पुढे विनयाचे नियम ज्याच्या तोंडून साऱ्या संघाने ऐकले तो हाच न्हावी. तुम्हांला कुणी "मूळचे कोण" विचारले तर खाली मान घालू नका आणि भांडूही नका. उपालीची ही गोष्ट सांगा, आणि मग विचारा, तुमच्या विहाराच्या कमिटीत आमच्यातला एक माणूस अध्यक्ष कधी होणार? दिलेल्या उत्तरावरून तुम्हांला कळेल की तुम्ही धम्मात आला आहात की नुसत्या दुसऱ्या जातीच्या देवळात. बावीस प्रतिज्ञांत देव नाकारण्याच्या प्रतिज्ञा आहेत तशा माणसे समान मानण्याच्या आणि समता आणण्यासाठी झटण्याच्याही आहेत. देव नाकारणे सोपे. देव उठून भांडायला येत नाही. समता मानायची तर व्याही बदलावे लागतात.

आता आजीकडे वळू. लेकराला ताप आला तर कुणाच्या पाया पडू, असे तिने विचारले होते. पाया कुणाच्याच पडू नका, डॉक्टरकडे न्या, हे अर्धे उत्तर. ते खरे आहे, पण त्याने तिची रात्र सरत नाही. उरलेले अर्धे बुद्धांनी दिले आहे. एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, आपल्याच मळात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्ध आनंदाबरोबर तिथे आले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. मग सर्व भिक्खूंना बोलावून सांगितले की तुम्हांला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

तेव्हा ज्या घरात आजारपण आहे तिथे विहारातल्या चार उपासिकांनी पाळीपाळीने रात्री बसावे. भाकरी पोचवावी. दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे, केसपेपर काढावा. मरीआई आजीला रात्री सोबत करीत होती. ती सोबत खोटी होती, पण सोबत होती. ती काढून घेतलीत आणि तिच्या जागी एक फोटो आणि एक मेणबत्ती ठेवलीत, तर आजी चोरून परडी भरणारच. दोष तिचा नाही, तुमच्या विहाराचा आहे.

आणि फळीवरचे देव? ते रात्री गुपचूप पोत्यात घालून नदीत टाकू नका. आजीला सकाळी फळी रिकामी दिसली तर तिला वाटेल आपल्या घरात चोरी झाली, आणि एका अर्थी ती झालेलीच असेल. ते काम दिवसा करा, तिला शेजारी बसवून करा, आणि ती तयार नसेल तर महिनाभर थांबा. टाक तिच्या सासूने दिलेले असतील तर ते कुणी, कधी, कशासाठी केले होते ते तिला सांगू द्या. त्या सांगण्यात तुमच्या घराण्याच्या चार पिढ्यांचा इतिहास निघेल, तो मुलाने वहीत उतरून घ्यावा. चांदीचे असतील तर त्यांचे काय करायचे ते तिनेच ठरवावे. मग फळी धुऊन तिथे "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" हा ग्रंथ ठेवा. तो नुसता ठेवू नका, हार घालून तर मुळीच ठेवू नका. दर रविवारी वंदना झाली की दोन पाने मुलाने मोठ्याने वाचावीत आणि आजीने ऐकावीत. मुलगा मध्येच थांबून शंका काढील, हे कशावरून, ते कशावरून विचारील. काढू द्या. केसपुत्ताच्या कालामांनी खुद्द बुद्धांना शंका विचारल्या होत्या आणि बुद्ध रागावले नव्हते. उत्तर तुम्हांला येत नसेल तर येत नाही म्हणा, प्रश्न वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या पौर्णिमेला भन्तेजींना किंवा बौद्धाचार्यांना विचारा.